तोताराम कासाराने फोडलेली बांगडी

धरणगावच्या तोताराम कासाराविषयी आज जे सांगितले जाते, त्यातले निम्मे त्याचे त्यानेच पसरवलेले आहे. म्हणून ते पारखूनच घ्यावे लागते. जन्मसाल त्याला ठाऊक नव्हते. मानमोडीच्या साथीच्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, आपण बाराव्या वर्षी पहिल्यांदा बांगड्यांचा पेटारा खांद्यावर घेतला, असे तो सांगे. ते खरे धरले, तर १९५६ च्या जानेवारीत तो पन्नाशीला टेकला होता. बाकीच्या गोष्टी निर्विवाद आहेत. धरणगावचा बाजार आणि भोवतालची अकरा खेडी एवढा त्याचा मुलूख. त्या मुलखातल्या लेकीसुनांच्या मनगटांची मापे त्याला तोंडपाठ. बाई ओट्यावर येऊन बसण्याआधीच तिच्या मापाच्या बांगड्या त्याच्या बोटांत आलेल्या असत.

कासाराचा धंदा विश्वासावर चालतो. ज्या बाईच्या वाटेवरून परपुरुषाने बाजूला व्हावे, तिचा हात कासार भर ओट्यावर, तिच्या सासूसासऱ्यांच्या देखत हातात घेतो, चोळतो, दाबतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. या विश्वासाची किंमत म्हणून कासाराच्या घराण्यात दोन रीती पाळत. बांगडी मनगटात चढवण्याआधी ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलकेच दाबून पाहायची. कमजोर असेल तर तिथेच फुटू दे, बाईच्या हातात नको. आणि कासाराच्या हातात फुटली, ती कासाराची. हात कडक होता, हाड रुंद होते, असा बोल बाईला लावायचा नाही.

तिसरी रीत तोतारामने स्वतः काढलेली. बांगडी हाताच्या सांध्यावरून सरकते तो क्षण दुखरा असतो. त्या क्षणी बाईचे मन दुसरीकडे वळावे म्हणून तो गोष्ट सांगे. बांगड्या जिथे घडतात त्या उत्तरेकडच्या फिरोजाबादेची गोष्ट. आजोबांबरोबर आपण अठराव्या वर्षी तिथे पायी गेलो, सहा महिने भट्टीपाशी बसलो, काच जन्मताना डोळ्यांनी पाहिली. काचेचा रस चांदण्यातच गाळतात. उन्हात गाळला तर बांगडी वर्षाच्या आत तडकते. रस गाळणारा कारागीर चाळीस दिवस मुका राहतो. बोलला की काचेत बुडबुडा. एवढे सांगून होईपर्यंत सहा बांगड्या हातात गेलेल्या असत.

तोताराम फिरोजाबादला गेल्याचा एकही पुरावा नाही. बऱ्हाणपूरच्या पुढे तो कधी गेला नाही, असे त्याची बायको ताईबाई शेवटपर्यंत सांगत असे. त्याचा माल जळगावच्या ठोक व्यापाऱ्याकडून गवतात बांधून येई. पण तीस वर्षे सांगितलेली गोष्ट माणसाच्या अंगाला कातडीसारखी चिकटते. ती खोटी आहे हे तो विसरला नव्हता; ती खोटी आहे हे आठवण्याची वेळ मात्र त्याच्यावर आली नव्हती.

ती वेळ जळगावच्या लोटन मास्तरांच्या चित्रशाळेने आणली. चित्रशाळेच्या मागच्या पत्र्याच्या छपरात मास्तरांनी विटांची एक लहान भट्टी बांधून घेतली होती, आणि त्या भट्टीवर नरडाण्याचा सुकदेव नावाचा सव्वीस वर्षांचा कारागीर लोकांसमोर काच फुंकून दाखवणार होता. घाटावरच्या एका काच कारखान्यात सात वर्षे राबून तो खानदेशात परतला होता. चित्रशाळेच्या मंडळाचे प्रमुख पारसमल शेठ यांना काम पसंत पडले, तर भट्टी कायम राहणार आणि सुकदेवला तिथे शिक्षक म्हणून घेणार, असे ठरले होते. नापसंत पडले, तर छप्पर दुसऱ्या कामाला.

धरणगावच्या बाजारात ही बातमी आली तेव्हा पहिली उठली ती धुरपदाबाई. पाळधीकडच्या एका खेड्यातली ही शेतकरीण, जिभेने तिखट आणि मनाने मोकळी. लग्नापासून तोतारामच्याच हातच्या बांगड्या भरणारी. जायच्या दिवशी सकाळी ती बायकांना घेऊन तोतारामच्या दारात आली.

“आबा, आम्ही नऊ बाया जाई ऱ्हायनूत. तुमी आमनासंगे चला. काय चाली ऱ्हायनं ते समजाडाले कोनी जानकार तं पायजे.”

“मना बाजारना दिन शे,” तोताराम म्हणाला.

“बाजार तं काल व्हयना.”

“मंग घरमा काम शे. पाय दुखतस.”

“गाडीमा बशीसन जानं शे, आबा. फिरोजाबादले तुमी पायी गयथात. जयगाव काय दूर शे?”

बायका हसल्या. तोतारामलाही हसावे लागले, आणि हसलेल्या माणसाला मग नाही म्हणता आले नाही.

छपरात चाळीसेक माणसे दाटीवाटीने उभी होती. पुढे पारसमल शेठ खुर्चीवर, त्यांच्या मागे लोटन मास्तर, एका बाजूला धरणगावच्या बायका, आणि त्यांच्या पुढे, जाणकाराच्या मानाने, तोताराम. भर दुपार होती. भट्टीच्या तोंडातून इतका लाल उजेड येत होता की बाहेरचे ऊन फिके वाटावे. सुकदेवने लोखंडी फुंकनळी भट्टीत घातली, फिरवली, बाहेर काढली, तेव्हा तिच्या टोकाला मधाच्या थेंबासारखा एक गोळा लोंबत होता. तो खाली ओघळू नये म्हणून नळी सतत फिरत होती. सुकदेवने दुसऱ्या टोकाला तोंड लावून हलकी फुंकर घातली. गोळ्याच्या पोटात एक छोटासा पोकळ श्वास दिसला आणि वाढत गेला.

काचेबरोबर अडतीस वर्षे काढलेल्या तोतारामने ती मऊ झालेली कधीच पाहिली नव्हती. आपल्या पेटाऱ्यातली प्रत्येक बांगडी कधीतरी अशी ओघळत होती, हे त्याला त्या घटकेला कळले, आणि क्षणभर तो सगळे विसरून लहान मुलासारखा पाहत राहिला.

विसरू दिले नाही ते सुकदेवच्या बोलण्याने. तो गप्प बसतच नव्हता. नळी फिरवता फिरवता तो सांगत होता: ही वाळू, हा खार, हे फुटक्या काचेचे तुकडे, आता हिला भूक लागली, आता हिला थंडी वाजते, म्हणून पुन्हा भट्टीत. बघता बघता कंदिलाची काच झाली, मग एक लहानसा तांब्या.

धुरपदाबाई तोतारामच्या कानाशी वाकली. पण तिचे कुजबुजणे चार हातांवर ऐकू जाई. “आबा, हाऊ तं बोलीच ऱ्हायना. याना काचमा बुडबुडा कसा पडत नही?”

मागे कुणीतरी खुदकन हसले.

“आनि चांदनं कोठे शे?”

“फिरोजाबादनी तऱ्हा न्यारी ऱ्हास,” तोताराम म्हणाला.

हे सुकदेवच्या कानावर गेले. त्याने नळी खाली ठेवली आणि घामाने भिजलेला चेहरा तोतारामकडे वळवला. त्या चेहऱ्यावर टवाळी नव्हती. असती तर पुढचे घडलेच नसते.

“आबा, तुमी फिरोजाबादले जायेल शेतस?” त्याने विचारले. “माले लई हौस शे. मी कधी देखी नही. तठे भट्टीले तोंडं किती ऱ्हातस? काचना धागा कोनता हातवरी ओढतस? जरा सांगा ना.”

छपरातली चाळीस डोकी वळली. भट्टीला एकापेक्षा जास्त तोंडे असतात, हेच त्याला त्या प्रश्नातून प्रथम कळत होते.

“मंग सांगसू,” तो म्हणाला. “आधी तुनं काम देखू दे.”

“बरं, आबा,” सुकदेव म्हणाला, आणि खरोखरच मान लववून कामाला लागला. आता त्याने बांगडी घेतली. हरभऱ्याएवढा हिरवा गोळा उचलला, त्याचा धागा ओढत मातीने लिंपलेल्या लोखंडी शंकूवर गुंडाळला, कातरीने तोडला, आणि दोन्ही टोके आचेवर धरून एकमेकांत विरवली. सांधा दिसेनासा झाला. बायकांच्या तोंडून एक दबका हुंकार निघाला. ही वस्तू त्यांच्या ओळखीची होती.

सुकदेवने बांगडी भट्टीच्या कडेला राखेच्या ताटलीत ठेवली. “आते ही राखना पेटीमा जाई, सकायलोंग मुरी. तवलोंग कोनी हात लावाना नही. ताजी काच आंगमा ताण धरी ऱ्हास.”

पारसमल शेठ खुर्चीतून पुढे झुकले. त्यांना काचेतले काही कळत नव्हते आणि आपल्याला कळत नाही हे त्यांना कळत होते. हा गुण त्यांच्या बाजूने नोंदवायला हवा. “कंदील, तांब्या ठीक आहे,” ते म्हणाले. “पण बांगडीची पारख आपल्याकडे कासाराला. आबा, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.”

तोताराम पुढे झाला. त्याने ताटलीतून बांगडी उचलली. ती अजून कोमट होती, नुकत्याच जन्मलेल्या पाखरासारखी.

“आबा, तिले राखमा जाऊ द्या,” सुकदेव हळूच म्हणाला. “मंग देखा.”

तोतारामने ऐकले. ऐकले नाही असे त्याने पुढे कधीच म्हटले नाही. त्याची चिमटी नेहमीच्या जागी बसली होती. नेहमीचा दाब किती, हे त्याच्या बोटांना झोपेतही ठाऊक होते. त्या दुपारी त्याने त्याच्या दुप्पट दाबले.

कट् असा बारीक आवाज झाला. तोतारामच्या तळव्यावर बांगडीचे दोन तुकडे पडले.

“कच्ची काच शे,” तो म्हणाला.

तुकड्यांच्या टोकांकडे त्याने पाहिले होते. चांगली काच तुटली की तिला कशी धार येते, ते त्याला माहीत होते. ती धार दोन्ही टोकांवर स्वच्छ चमकत होती.

सुकदेवने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग पंच्याला हात पुसून त्याने ते तुकडे तोतारामच्या तळव्यावरून उचलून घेतले. जपून, म्हाताऱ्याला काच लागू नये असे. ते राखेच्या ताटलीत ठेवून तो भट्टीकडे वळला.

“तुम्ही काय म्हणता, बाई?” शेठनी धुरपदाबाईला विचारले.

धुरपदाबाईने आधी तोतारामकडे पाहिले. “आमना आबा काच वळखतस,” ती म्हणाली.

“मग राहू द्या, मास्तर,” शेठ उठत म्हणाले. “घरचा कासारच नापास करतो, तिथे आपण काय बोलणार?”

परतीच्या गाडीत बायका रंगात होत्या. आमच्या आबाने कसे एका चिमटीत पकडले, घाटावर सात वर्षे शिकून काय उपयोग, फिरोजाबाद ती फिरोजाबाद. एकीने त्याला पेरू कापून दिला. तोताराम तो हातात धरून बसला. धुरपदाबाई खिडकीबाहेर कपाशीच्या पळाट्या पाहत होती. तिचे गप्प बसणे त्याला बाकीच्यांच्या बोलण्याहून जड गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हातून सोळा बांगड्या फुटल्या. एका नवरीमुलीच्या हाताला चीर गेली. गोष्ट सांगायला तो तोंड उघडी आणि ‘फिरोजाबाद’ या शब्दापाशी जीभ अडे. बाई कळ सोसत त्याच्याकडे बघत राही. बाया म्हणाल्या, आबाला म्हातारपण लागले.

रविवारी सकाळी ताईबाई अंगणात गवतातून नवा माल निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “जयगावले काय व्हयनं?”

त्याने सांगितले. पहिल्यांदा बायांनी गावभर सांगितले होते तसे. मग झाले होते तसे. दाब किती दिला, हेही सांगितले.

ताईबाईने हातातल्या बांगडीवरचे गवत फुंकून काढले. “कोना हातमा फुटनी?”

“मना.”

“मंग कोनी व्हयनी?”

एवढेच ती बोलली. माहेर-सासर दोन्हीकडून कासारांतच वाढलेली बाई. कासाराच्या हातात फुटली ती कासाराची, ही रीत दोघांनाही ठाऊक होती.

तो जळगावला गेला. पारसमल शेठ पेढीवर होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “आबा, हे तुम्ही त्याच दिवशी बोलायचं होतं. छपरात आता शिवणाचा वर्ग बसतो. भट्टीच्या विटाही निघाल्या.” तोताराम उभाच राहिला. तेव्हा शेठ म्हणाले, “लिहून द्या. मंडळापुढे ठेवतो.”

ते पत्र चित्रशाळेच्या कागदांत आहे. अक्षर पेढीवरच्या मुनीमाचे, खाली तोतारामची वाकडीतिकडी सही. मजकूर तीन ओळींचा: ‘ता. २० जानेवारीस बांगडी फुटली ती माझ्या हाताने व माझ्या जोराने फुटली. काच खरी होती. कारागिराची चूक नाही.’ समासात दुसऱ्या शाईने शेरा आहे: ‘वाचले. दप्तरी दाखल.’ त्या पत्रावर पुढे काही झाल्याची नोंद नाही.

तोतारामला शेऱ्याची वाट पाहायची नव्हती. दोन दिवसांनी तो सुरतेकडच्या गाडीत बसला आणि नरडाण्याला उतरला. पेटारा बरोबर होता. मोकळ्या खांद्याने परक्या गावात शिरण्याची त्याला सवय नव्हती.

सुकदेव घराच्या ओट्यावर बाजेचा सुंभ ताणत बसला होता. तोतारामला पाहून तो उठला, बसायला गोणपाट टाकले, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वडीलधाऱ्याची रीत त्याने कणभरही सोडली नाही, आणि तेच तोतारामला सोसवेना.

“काच खरी व्हती,” तो म्हणाला. “मी जोर लावा.”

“माले मालूम शे, आबा.”

“मंग तू बोलना काबर नही?”

सुकदेवने सुंभाचा पीळ बोटावर गुंडाळला. “काय बोलतू? पोऱ्या सोतानी चूक म्हाताराना माथे मारस, असंच बठ्ठ्या बाया म्हनत्यात.”

“मी फिरोजाबाद देखेल नही.”

“ते बी मालूम शे,” सुकदेव म्हणाला. “तुमी जबाब दिधा नही, तवयच समजनं. मी तं खरंच इचारी ऱ्हायंथू. तुमले पाडाकरता नही.”

तोतारामने मान खाली घातली. शेठला पत्र दिल्याचे त्याने सांगितले. सुकदेवने ऐकले आणि सुंभ पुन्हा ताणायला घेतला. भट्टीविषयी त्याने काही विचारले नाही.

इतक्यात आतून त्याची आई बेबाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. पेटारा पाहून तिचा चेहरा उजळला. “बरं व्हयनं, कासारभाऊ, तुमी उनात. मना हातमा कव्हयनी एक-एकच बांगडी ऱ्हायनी शे.” आणि ती समोर बसून डावा हात पुढे करून मोकळी झाली.

तोतारामने सुकदेवकडे पाहिले. सुकदेव सुंभ ताणत राहिला. सांगायचे की नाही, हे त्याने म्हाताऱ्यावरच सोडले होते.

हात शेतातला होता, रुंद आणि कडक. तोतारामने तो तेल लावून चोळला, माप बोटांत आले, हिरव्या बांगड्या निघाल्या. पहिली बांगडी चिमटीत धरली. दाबण्याचे धैर्य झाले नाही. तशीच ती त्याने बोटांवरून सरकवली.

“मना पोऱ्या बी काचनं काम करस,” बेबाबाई सांगू लागली. “जयगावले नोकरी लागनार व्हती त्याले. पन तठे एक कासार उना व्हता, धरनगावना. त्यानी भर सभामा मना पोऱ्यानी बांगडी फोडी टाकी आनि कच्ची शे म्हने. मना पोऱ्या तीन दिन जेवना नही. असा कसा मानूस ऱ्हास हो, कासारभाऊ? आपला हातना धंदा जो करस, त्याले दुसराना हातनं काम दखावत नही?”

बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर आली होती. तिथून ती पुढे जाते किंवा फुटते. मागे येत नाही.

“माय,” तोताराम म्हणाला, “तो कासार मीच शे.”

बेबाबाईचा हात त्याच्या हातात ताठ झाला. ती तो ओढून घेणार होती; पण बांगडी हाडावर बसलेली होती आणि ओढला असता तर काच रुतली असती. ती मुलाकडे वळली. सुकदेवने होकाराची मान हलवली, एकदाच. तोताराम त्या बाईचा हात धरून बसला होता, आणि आयुष्यात प्रथमच परक्या बाईचा हात धरल्याची त्याला लाज वाटत होती.

“घाल पुढे,” बेबाबाई अखेर म्हणाली. मघाचे आदरार्थी बोलणे तिने सोडले होते. “आरधा रस्तामा काय थांबना?”

त्याने ती घातली. मग दुसरी, तिसरी; सहाही. गोष्ट सांगितली नाही. कळ आली तेव्हा तिने ओठ दाबला. डावा हात भरून झाला. सवाष्ण बाईला एकच हात भरून उठता येत नाही, हे तिला जसे ठाऊक होते तसेच त्यालाही. तो वाट पाहत राहिला.

उजवा हात पुढे यायला फार वेळ लागला. आला तेव्हा बेबाबाईने तोंड भिंतीकडे फिरवले होते.